फुली मारलेला सर्व्हो

१

धनुबाईचा घोटा मोडला तो रविवारी दुपारी, विसरवाडीला, तिसऱ्या वळणावर. ज्या गाडीनं मोडला तिचं वजन पावणेदोन किलो.

हसू येतं. तिथल्या लोकांनाही आधी आलंच. हायवेच्या कडेच्या एका पडीक शेतात मातीचा ट्रॅक करून आमच्या तालुक्यातली, नंदुरबार-शहाद्याची आणि थोडी सुरतेची मंडळी दर वर्षी रिमोटच्या गाड्यांची शर्यत लावतात. गाडी हातभर लांब, पण मोटरसायकलच्या वेगानं पळते. शेवटच्या शर्यतीत कुंदनची निळी गाडी सगळ्यांच्या पुढे होती. तिसऱ्या वळणावर त्यानं रिमोटचं चाक फिरवलं आणि गाडीची चाकं फिरलीच नाहीत. ती सरळ गेली, कडेला मांडलेल्या जुन्या टायरांवरून उडाली आणि शेंगांची टोपली घेऊन बसलेल्या धनुबाईच्या पायावर आदळली.

ही धनुबाई पंचवीस वर्षं त्याच हायवेवर ट्रक आणि बसगाड्यांच्या मधून शेंगा विकते. तिला कधी खरचटलं नव्हतं.

"खेळानी गाडी, वं जिजी," दवाखान्यात ती मला म्हणाली, "पन हाड मन्हं खरं मोडनं."

मी तिथे गेले होते, कारण त्या गाडीचा सर्व्हो माझ्या दुकानात बसवला होता. सर्व्हो म्हणजे काड्यापेटीएवढी मोटार. रिमोटकडून हुकूम आला की ती एक छोटी दांडी फिरवते आणि त्या दांडीनं गाडीची पुढची चाकं वळतात. सर्व्हो गेला की गाडी आंधळी.

संध्याकाळी क्लबचा कर्ताधर्ता चंदन, ज्याचं विसरवाडीला टायरचं दुकान आहे, त्यानं सगळ्यांसमोर सर्व्होचं झाकण उघडलं. आत प्लास्टिकची पांढरी दातेरी चाकं होती. एका चाकाचे तीन दाते तुटलेले.

"कुंदनले तर धातूना दातानं सांगेल व्हतं," चंदन म्हणाला आणि त्यानं अर्शियाकडे पाहिलं. "बुधवारे क्लबनी बैठक शे. तवर हिनं कोन्हीच गाडीले हात लावाना नही. आनी खरं निंघनं, तर कधीच नही."

अर्शिया माझ्या दुकानात सर्व्हो बसवते. सव्वीस वर्षांची, नवापूरला आयटीआय केलेली. जिल्ह्यात अशा गाड्या साठ-सत्तर. सगळे मालक एकमेकांना ओळखतात. एकदा नाव गेलं की तिच्या टेबलाकडे कुणी फिरकणार नव्हतं आणि दुसरं काम तिला येत असलं तरी आवडत नव्हतं.

"हा सर्व्हो मी बसवलेला नाही," ती म्हणाली. एवढंच.

मी पुढे होऊन तो हातात घेतला. सर्व्होच्या वायरवर दोऱ्याची गाठ होती. ती गाठ माझ्या दुकानाची होती.

२

खांडबाऱ्याला स्टेशनच्या रस्त्यावर आमचं मोटार वायंडिंगचं दुकान एकोणीसशे शहात्तरपासून आहे. शेतातल्या पंपाची मोटार जळली की तिच्यातली तांब्याची तार काढून नवी भरायची. भरलेल्या वेटोळ्यांना दोऱ्यानं बांधतात, नाहीतर मोटार फिरताना तारा थरथरून घासतात आणि पुन्हा जळतात. आमच्या मालकांची, म्हणजे माझ्या नवऱ्याची, बांधायची एक रीत होती: दोन वेढे, मधून एक फास आणि शेवटचं टोक स्वतःच्याच खाली दाबलेलं. ती गाठ त्यांनी मला शिकवली, शब्बीरला शिकवली. शब्बीर एक्क्याऐंशी साली आमच्याकडे कामाला लागला. मी माझ्या मुलाला, भरतला शिकवली. पाच वर्षांपूर्वी शब्बीरच्या मुलीला, अर्शियाला शिकवली. या गाठीचे हात जगात एवढेच. मालकांना जाऊन अठरा वर्षं झाली.

रात्री अर्शियाला समोर बसवून मी म्हटलं, "खरं सांग."

तिनं माझ्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं. मग तपासणीची वही काढली.

ही वही म्हणजे तिचा कणा. गाड्यांचे महागडे सर्व्हो इथे कुणाला परवडत नाहीत. कुंदन बागायतदाराचा मुलगा, पण तोही स्वस्तातलाच मागतो. लोक म्हणतात स्वस्त सर्व्हो वाईट. अर्शियाचं म्हणणं वेगळं. स्वस्त सर्व्हो वाईट नसतो, त्याचा भरवसा नसतो. एकाच खोक्यातल्या दहांपैकी सहा चांगले निघतात, एक कसाबसा चालतो आणि तिघांच्या वेष्टनावर 'धातूचे दाते' छापलेलं असून आत प्लास्टिक असतं. म्हणून ती प्रत्येक सर्व्हो उघडते. मग त्याला एक सेंटिमीटरची दांडी लावून दोरीनं वजनं टांगते. वजनं आमच्या सासूबाईंच्या भुसार दुकानातली, लोखंडी. खोक्यावर पंधरा किलो लिहिलेलं असतं, उचलतो नऊ. नऊ उचलले, आणि शंभर वेळा उचलले, तर पास. नाही तर तळाला खिळ्यानं फुली मारायची आणि टिनाच्या डब्यात टाकायचा.

वहीत शुक्रवारची नोंद होती. कुंदनची गाडी, धातूचे दाते, नऊ किलो, शंभर वेळा, दांडी धातूची.

"आणि ही बघा," तिनं तुटका सर्व्हो पुढे केला. "ह्याला दांडी प्लास्टिकची आहे. मी लावलेली धातूची दांडी ह्याच्यावर बसतच नाही, दांडी बसते त्या ह्याच्या शेंड्याला एक दाता कमी आहे. ज्यानं बदलला त्याला दांडीपण बदलावी लागली."

मी सर्व्हो उलटा करून दिव्याखाली तिरपा धरला. माझं वय त्र्याहत्तर, पण जवळचं अजून दिसतं. तळ कुणीतरी पॉलिश पेपरनं घासला होता. घासलेल्या जागेत दोन पुसट रेघा एकमेकींना छेदत होत्या.

आम्ही डबा ओतला. वहीप्रमाणे अकरा नापास. डब्यात निघाले दहा.

"हा माझ्याच डब्यातला आहे," अर्शिया म्हणाली. आता क्लब काय म्हणेल ते आम्हा दोघींना कळत होतं. स्वतः नापास केलेला माल हिनं गिऱ्हाइकाच्या गाडीत घातला.

मी सर्व्हो नाकाजवळ नेला. जळक्या प्लास्टिकच्या आड काहीतरी गोडसर, घरचं वाटावं असं होतं. त्याचा विचार करायला मी थांबले नाही. तिथेच माझे दोन दिवस वाया गेले.

३

गाडी आमच्याकडे शुक्रवारी आली. शनिवारी सकाळी अर्शिया सामान आणायला नंदुरबारला गेली आणि संध्याकाळच्या गाडीनं परतली. तोवर कुंदन गाडी घेऊन गेला होता. म्हणजे अदलाबदल शनिवारी दिवसा माझ्या दुकानात झाली, नाहीतर शनिवारी रात्री कुंदनच्या घरी.

सोमवारी मी कुंदनकडे गेले. तो अंगणात गाडीची तुटकी चाकं धुत होता.

"मी काबर बदलू जिजी? मी पयला येऊ ऱ्हायंतू."

"चांगला सर्व्हो काढीसन विकाले."

तो हसला. "मन्हा बापनी साठ एकर केयी शे. मी सर्व्हो विकसू?" मग हसणं गेलं. "आनी माले ती पेटी खोलताच येत नही. दखा ना, चाकं बी मी अर्शियाकडूनच कसस."

ते खरं होतं. त्याच्या गाडीचे स्क्रू मी पाहिले होते. त्यानं घट्ट केलेल्या प्रत्येकाचं डोकं घासलेलं होतं. सर्व्हो धरणारे चार स्क्रू मात्र कोरे, नीट हातानं काढलेले आणि लावलेले.

दुसऱ्या नंबरावर आफताब होता. त्याचं नवापूरला गॅरेज आहे. कुंदनची गाडी गेल्यावर तो जिंकला, म्हणून विसरवाडीत काही लोक त्याच्याकडेही बोटं दाखवत होते. शनिवारी तो चार्जर घेऊन आमच्या दुकानात आलाही होता.

"किती वेळ होतास?"

"चाय पी उतना. भरतभाईनं चार्जर बघितला, मी निघालो." त्यानं हात पुसले. "जिजी, गाडीची वरची पाटी काढा, सर्व्हो काढा, नवा बसवा, चाकं सरळ करा. माझ्यासारख्याला पाऊण तास लागतो. आणि मी असतो तर वायरला काय बांधलं असतं?"

त्यानं स्वतःची गाडी उलटी केली. सगळ्या वायरींना प्लास्टिकच्या काळ्या पट्ट्या होत्या.

"दोरा कोण बांधतं आजकाल? तुमच्याच दुकानात."

तो टोमणा नव्हता. मला तरी तो लागला, कारण आफताबनं माझं काम करून टाकलं होतं. ज्यानं हा सर्व्हो बसवला त्याला नुसती वायर सोडून देता आली नव्हती. घाईत, चोरून, वाईट काम करतानासुद्धा त्याच्या हातानं गाठ मारलीच. ही चूक फक्त आमच्यातलाच माणूस करू शकतो.

आमच्यातली माणसं चार. त्यातली एक मी.

४

शब्बीर ओट्यावर उन्हात बसला होता. मला पाहून उठू लागला. मी खांदा दाबून बसवलं.

"भाभी, मेरी लडकी ने नही किया."

"मी तुझ्याबद्दल विचारायला आले."

शनिवारी तो दुकानात होता, दुपारपर्यंत. मुलीनं हे काम सोडावं असं तो सहा महिने म्हणत होता. तिनं सरकारी नोकरीचे फॉर्म भरावेत, या खेळण्यांत आयुष्य घालू नये. मला ते माहीत होतं. चाळीस वर्षांत या माणसानं मला एकदाही खोटं सांगितलं नव्हतं, तरी मी आले होते. लांबलचक आठवणीचा हा एक दोष. माणसाचं सगळं आठवतं आणि तरी खात्री होत नाही.

त्यानं उजवा हात माझ्यासमोर धरला. गेल्या वर्षी त्या बाजूवरून वारं गेलं तेव्हापासून तो हात असाच आहे. बोटं अर्धी मिटलेली, अंगठा थरथरणारा.

"मेरे से कुडते की गुंडी नही लगती, भाभी. अर्शिया लावून देते. गाठ कुठून मारू?"

मी पिशवीतून कागदात गुंडाळलेला सर्व्हो काढला. त्यानं गाठ डाव्या हातानं डोळ्यांजवळ नेली आणि बराच वेळ बघत राहिला. त्याच्या चेहऱ्यावर काहीतरी आलं. ते कौतुक होतं हे मला नंतर कळलं.

"सेठजीचा हात आहे," तो म्हणाला. सेठजी म्हणजे आमचे मालक. "इतकी साफ तर माझी पण नव्हती कधी. आणि वार्निश पण लावलंय."

"काय लावलंय?"

"वार्निश. गाठीवर थेंब. वास घ्या ना."

तो गोडसर, घरचा वास. मोटारीच्या गाठींवर आम्ही वार्निशचा थेंब सोडतो, म्हणजे गाठ दगडासारखी होते आणि वर्षानुवर्षं हलत नाही. पण गाडीचा सर्व्हो दर शर्यतीनंतर धुवायला काढावा लागतो. म्हणून अर्शियानं पहिल्या वर्षीच मला विचारलं होतं, जिजी, मी थेंब नको टाकू? मी हो म्हटलं होतं. तिच्या गाठी पाच वर्षं कोऱ्या होत्या.

म्हणजे अर्शिया नाही. शब्बीर नाही. मी नाही.

"भरत की तो गाठ ढीली होती है," मीच शब्बीरला त्याच्या भाषेत सांगितलं. हे वाक्य मी अठरा वर्षं प्रत्येकाला सांगत आले होते.

शब्बीरनं माझ्याकडे पाहिलं नाही. "तुम्ही शेवटची कधी बघितली, भाभी?"

५

मंगळवारी दुपारी भरत जेवायला गेला होता. दुकानात दोन मोटारी बांधून तयार होत्या. खुर्ची ओढून मी पहिलीच्या झाकणाचे बोल्ट काढले.

भरत चव्वेचाळीस वर्षांचा आहे. सव्विसाव्या वर्षी, वडील गेले त्या महिन्यात त्यानं पहिली मोटार एकट्यानं बांधली. ती चार दिवसांत जळली. शेतकरी ती बैलगाडीत घालून परत घेऊन आला तेव्हा मी आठ माणसांसमोर म्हणाले होते, बापाचं दुकान घेशील, बापाचा हात कुठून आणशील. ते मला आठवतं. त्याच्या अंगातला पिवळा शर्टसुद्धा आठवतो. त्यानंतर मी त्याच्या मोटारी उघडल्या नाहीत. जळून परत आल्या नाहीत एवढं मला पुरेसं वाटलं असावं. मी बसायचे अर्शियाच्या टेबलापाशी. तिचा प्रत्येक सर्व्हो हातात घेऊन बघायचे आणि म्हणायचे, असा हात असावा.

झाकण निघालं. आत चोवीस गाठी एका ओळीत बसल्या होत्या. दोन वेढे, मधून फास, टोक खाली दाबलेलं, प्रत्येकीवर वार्निशचा एक थेंब. एकही इकडची तिकडे नव्हती. दुसरी मोटार उघडली. तिथेही तेच.

मागे भरत उभा होता. किती वेळ, माहीत नाही.

"बोल्ट कसी दे आते," तो म्हणाला. "संध्याकायले माणूस येई."

मी सर्व्हो समोर ठेवला. त्यानं तो पाहिला, मग गल्ल्याखालचा खण उघडला आणि कागदाची एक पुडी माझ्या हातात दिली. आत अर्शियाचा सर्व्हो होता, धातूच्या दांडीसकट. वायर नीट गुंडाळलेली. चांगली वस्तू फेकून द्यायची नाही, हेही मीच शिकवलेलं.

"काबर करं?"

"गाडी वयनवर उभी ऱ्हाई असं वाटनं माले. लोक हासतीन. तिना टेबलपाशी कोनी येवाव नही." तो खाली बघून बोलत होता. "धनुबाईनं माले कसं मालूम पडी, माय?"

"तिना काय दोष व्हता?"

"तिना काहीच नही." मग त्यानं मोटारीकडे बोट केलं. "अठरा वरीस व्हयनात. आज पयलांदा झाकन खोलं तूनी. ते बी चोर धराले."

मी बोल्ट कसायला घेतले.

६

बुधवारी चंदनच्या टायरच्या दुकानात बैठक झाली. धनुबाईला प्लास्टर घातलेल्या पायासकट खुर्चीवर आणलं होतं. मी वही दाखवली, फुली दाखवली, दोन्ही दांड्या दाखवल्या. गाठ आणि तिच्यावरचा थेंब दाखवला आणि बाजूला अर्शियाची कोरी गाठ ठेवली. अर्शियाचा सर्व्हो मी तिथेच टेबलाला आवळून बसवला, दोरीला वजनं टांगली. नऊ किलो त्यानं शांतपणे उचलले.

"मंग हाऊ नापास सर्व्हो कोनी बसाडा?" चंदननं विचारलं.

"मन्हा पोऱ्यानी," मी म्हणाले.

भरत दाराशी उभा होता. त्यानं मान हलवली.

मग धनुबाई म्हणाली, "भरत, मन्हं हाड बसाले दोन महिना लागतीन. तवर हायवेवर टोपली लिसन तू बस." कुणीतरी हसलं. भरत हसला नाही, हो म्हणाला. चंदननं हात झटकले. "चला, मिटनं. अर्शिया, पुढला रविवारपासून कर काम." एवढ्या लोकांत तिची माफी मागावी असं कुणाला सुचलं नाही. ज्यांनी बोटं दाखवली होती ते कुंदनच्या नव्या चाकांविषयी बोलू लागले.

दुकानात परत आल्यावर अर्शियानं वही पिशवीत घातली. मोजून स्क्रूच्या डब्या घातल्या. लोखंडी वजनं मात्र पुसून टेबलावरच ठेवली.

"ती ने," मी म्हटलं.

"नको. नवापूरला आफताबभाई गॅरेजमध्ये कोपरा देतो म्हणतात. वजनं मिळतील तिथे."

"आता कशाला जातेस? सगळ्यांना कळलं ना तुझं नाव साफ आहे."

ती दारापाशी थांबली. रागात नव्हती, त्यामुळे ऐकणं अवघड गेलं.

"जिजी, रविवारी रात्री तुम्ही मला समोर बसवून म्हणालात, खरं सांग. कुंदनला विचारलंत, आफताबभाईला विचारलंत, माझ्या अब्बांच्या त्या हाताकडे बघून पण विचारलंत. भरतभाऊला नाही विचारलं. तो तुमचा मुलगा म्हणून नाही विचारलं असं मला आधी वाटलं." तिनं पिशवी खांद्यावर घेतली. "पण तसं नव्हतं. त्याला एवढं चांगलं जमेल असं तुम्हाला वाटलंच नाही."

ती गेली. स्टेशनकडे जाणाऱ्या रस्त्यावर मला तिची पिशवी बराच वेळ दिसत होती.

टेबल मोकळं झालं. वजनं होती, फुल्या मारलेल्या दहा सर्व्होंचा डबा होता. त्यांच्यातला अकरावा मी डब्यात टाकला आणि झाकण लावलं. भरत आतल्या बाजूला तिसऱ्या मोटारीत तार भरत होता. दुकान बंद करायची वेळ झाली तरी उठला नाही. मी दिवा घालवायला हात वर केला, तेव्हा तो तारेवरची नजर न काढता बोलला.

"माय, ती गाठ कशी व्हती?"

चव्वेचाळीस वर्षांचा माणूस. एका बाईचं हाड मोडून, एका मुलीचं टेबल उठवून, तो मला हे विचारत होता. हे विचारायला त्याला दुसरी वाट मी ठेवली नव्हती.

"घट व्हती," मी म्हणाले आणि दिवा तसाच ठेवला.